खाट क्रमांक सातचे शून्य रद्द करण्याबाबत

दिनांक : २४ जून २०१९

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
जिल्हा रुग्णालय, लुकोंबे

विषय : खुब्याच्या शस्त्रक्रियेआधी देण्याच्या दोन सुयांच्या तुलनेतून माझे शून्य काढणे, व गुरुवारी माझ्या बहिणीला जावयाकरवी प्रश्न न विचारणे.

संदर्भ : बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवरील ३ जूनचा तक्ता.

महोदय,

१. मी युनिया नास्सूना, वय एकोणऐंशी, निवृत्त गणित शिक्षिका. फेब्रुवारीत विहिरीच्या वाटेवर पडून माझे खुब्याचे हाड मोडले. आपल्याकडे तेव्हा दोन सुयांची तुलना चालू होती. एक जांघेत द्यायची, दुसरी त्याहून खोल, सांध्यापुढच्या हाडाजवळ. कोणत्या सुईने दुखणे जास्त थांबते, हे रुग्णाला दुखण्याचा शून्य ते दहा असा आकडा विचारून ठरायचे होते. चिठ्ठीत मला जांघेतली सुई निघाली. तक्त्यावर लिहिले आहे, खाट सात : शून्य.

ते शून्य खोटे आहे.

२. आकडा विचारायला आपण परिचारक क्रिस्पस लुगोलोबी यास पाठवले. तो माझा जावई. सासूने जावयासमोर यायचे नाही, त्याने तिच्याकडे पाहायचे नाही, हे आपणांस ठाऊक नाही असे म्हणू नये. आपणही बुगांडाच्याच मातीतले. आपली गाडी दिसली की आपल्या सासूबाई केळीच्या बागेत शिरतात, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. क्रिस्पसने आपल्या कार्यालयात आधीच सांगितले होते, "साहेब, तिथं माझी सासू आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा." उत्तर मिळाले, "हे रुग्णालय आहे, लग्नाचा मांडव नाही." सगळे हसले म्हणे.

३. तो पडद्यापलीकडे उभा राहिला. मला फक्त बूट दिसत होते. त्याने विचारले, "आई, बरं आहे ना?" मी तोंडावर फडके ओढून म्हटले, "बरं आहे, जावईबापू. मुलं कशी आहेत?" जांघेचे नाव मी त्याच्यापुढे कसे घेणार? त्याने शून्य लिहिले. शून्य म्हणून जादा औषध नाही. पाठीत भूल द्यायला मला तसेच उठवून बसवले. मोडलेली हाडे एकमेकांवर घासली. मी फडक्यात दात रोवले.

४. जुना दवाखाना पत्र्याच्या छपराचा होता. माझी जुळी तिथे झाली, तेव्हापासून लोक मला नालोंगो म्हणतात. तिथल्या सिस्टर पर्पेतुआ आकडा विचारत नसत. चादर उचलून पायाची बोटे पाहत आणि म्हणत, "तोंडानं खोटं बोलशील गं, बोटांनी नाही."

५. मी चौतीस वर्षे गुण दिले. जिचे सगळे चुकले तिला शून्य. जी परीक्षेला आलीच नाही तिच्यापुढे 'गैरहजर'. हा फरक दहा वर्षांच्या मुलींना कळत असे. आपल्या आईलाही कळला होता, माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून. तक्त्यावर जांघेच्या सुईखाली आठ शून्ये आहेत. त्या आठांतल्या माझ्यासह पाच जणी एका कुळातल्या, म्हणजे आपल्या रीतीने क्रिस्पसच्या सासवाच. चर्चनंतर मी बाकी चौघींना एकेक करून गाठून विचारले. आम्ही पाचही जणी "बरं आहे" म्हणालो होतो. यावर आपण जांघेची सुई जिंकली असे ठरवले आणि दुसरी बंद केली. ही सुई वाईट, असे मी म्हणत नाही. कोणती चांगली हे आपणांस अजून ठाऊकच नाही, एवढेच म्हणते.

६. माझी धाकटी बहीण केझिया मागच्या आठवड्यात पडली. तिचेही हाड तेच. शस्त्रक्रिया गुरुवारी. क्रिस्पसची तीही सासूच. काल मला म्हणाली, "ताई, तू निमूट सोसलंस, मग मीच का बोंबलू? मीही बरं आहे म्हणेन." तिला हे मीच लहानपणी शिकवले.

तरी पाचही शून्ये खोडून तिथे 'विचारले नाही' असे लिहावे, दुसरी सुई पुन्हा सुरू करावी, आणि गुरुवारी केझियाकडे चादर उचलून बोटे पाहणारी एखादी बाई पाठवावी. बुधवारी सकाळपर्यंत उत्तर न आल्यास मी काठी टेकत येईन, तक्त्याखालच्या बाकावर बसेन आणि येणाऱ्या प्रत्येकाला माझा खरा आकडा सांगेन. जावई समोर आला तरी सांगेन. तो दहा होता.

या अर्जापुरती आपली नम्र,
नालोंगो युनिया नास्सूना

सोबत :
१. दातांनी फाटलेले फडके.
२. बाकी चौघींच्या अंगठ्यांचे ठसे.
३. क्रिस्पसने माझ्या मुलीच्या हाती पाठवलेली चिठ्ठी : "आई, शून्य मी लिहिलं. मी पडद्यामागेच होतो. फडकं फाटल्याचा आवाज मला आला होता."