पत्र्यावरचा माणूस

मळवली
ता. ४ मार्च १९७४

चि. रतन यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरी आहोत, तूही बरा असशील. आई सध्या आंबीला भिमाजीकाकांकडे आहे. तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला डॉक्टर सांगतात, पण ती ऐकत नाही. यंदा भात बरं पिकलं. कपिला व्याली, कालवड झाली.

पत्राचं कारण म्हणजे येसूचं लग्न ठरलं. मुलगा बेगडेवाडीचा, डेपोत नोकरीला आहे. घरचं थोडं शेत आहे. माणसं साधी वाटली. वैशाखात करायचं म्हणतात. तुझ्या दाजींनी सांगितलं, पहिलं पत्र रतनला गेलं पाहिजे. "मामाबिगर पोरगी बोहल्यावर कशी चडंल?" असं म्हणाले. आत्ता ओट्यावर दोर वळत बसलेत. मघाशी आत डोकावून विचारलं, "लिवलंस का?" मी म्हटलं, "लिवतीय."

त्यांचं बोलावणं मी लिहिलं. ते मनापासून आहे, एवढं लक्षात ठेव.

मी गेल्या पावसाळ्यापासून स्टेशनापलीकडच्या मोठ्या बंगल्यावर कामाला जाते. तुला कळवलं नव्हतं. पण तुला माहीत आहे.

केर-लादी, भांडी, आणि बाईसाहेब मुंबईहून आल्या की स्वयंपाक. बाई बोलायला बऱ्या आहेत. दिवाळीनंतर एकदा ट्रकमधून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आलं. चार माणसांनी उचलून दिवाणखान्यात नेलं. बाई सारख्या सांगत होत्या, संभाळून, संभाळून. मी चहा घेऊन गेले तेव्हा गोणपाट सुटलं होतं. सागवानी चौकटीत आपल्या गोठ्याचे पत्रे होते. कपिला जिथे अंग घासायची तिथला गंज तसाच, वरून काहीतरी चकचकीत फासलेलं. आणि त्यावर डांबराने काढलेला तुझा माणूस, यंत्राखाली अर्धा चेपलेला, एक हात डब्यात गेलेला.

चहा सांडला नाही माझ्या हातून. मी कप ठेवले आणि मागे जाऊन नळ सोडून बसले.

बाईंना मी काही बोलले नाही. पुढे एक दिवस त्यांनी आपणहून ते मुंबईच्या प्रदर्शनातलं छापील पुस्तक दाखवलं. इंग्रजीत होतं, त्यांनी मराठीत सांगितलं. "नंदा, हे चित्र म्हणे संपाच्या वेळी कारखान्याच्या दारात होतं. ह्याच्यासाठी चित्रकार तुरुंगात गेला होता. पोलिसांनी पायांवर मारलं त्याला." मी म्हटलं, "असं का." आणखी काय म्हणणार?

रतन, तेव्हापासून मला वाटतं, तुझी आठवण वेगळी झाली आहे. म्हणून माझी लिहिते. दोन्ही शेजारी ठेवून बघ.

डब्यांच्या कारखान्यात दाबयंत्राखाली कोंडूचा उजवा हात गेला. मनगटापासून. मुकादम म्हणाला, तो प्यालेला होता. कोंडू ठाकरवाडीचा, त्याच्यासाठी कोण भांडणार, असं त्यांना वाटलं. तुझे दाजी भांडले. संप झाला, फाटकासमोर मांडव पडला. तू तेव्हा लोणावळ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचास. मांडवाच्या पत्र्यावर तू कोंडूला काढलंस. समोर बसवून काढलंस. तो लाजत होता, तू म्हणालास, "कोंडू, मान वर कर, समद्यास्नी बगू दे." तोंड हुबेहूब त्याचं होतं. लोक कामशेतहून बघायला यायचे. मालकाची मोटार तिथून जाताना पडदे ओढून घ्यायची. मला तुझा अभिमान वाटायचा. अजूनही ते दिवस आठवले की वाटतो, हे खोटं कशाला बोलू?

मग पोलीस येणार असं कळलं. कोंडूने आणि मी ते पत्रे डोक्यावरून घरी आणले आणि चित्र आतल्या बाजूला करून गोठ्याला ठोकले. कोंडूने एका हाताने धरले, मी खिळे मारले. तू माळ्यावर पेंढ्यात होतास. फौजदाराने अंगणात विचारलं, "ते चित्र कुणी काढलं?" तुझे दाजी म्हणाले, "म्या."

फौजदाराला हसू आलं. त्याने खडू दिला, "काढ बघू बैल. ह्या दारावर." तू वरून ऐकत होतास. दाजींनी आयुष्यात कधी रेघ ओढली नव्हती. त्यांनी काढलेलं बघून हवालदार म्हणाला, "साहेब, ही तर खाट दिसतीय." सगळे हसले. फौजदाराला कळलं होतं, पण कुणीतरी न्यायचंच होतं, ह्यांना नेलं. परत आले तेव्हा पाय टेकवत नव्हते. नोकरी गेली. अजून थंडीत सकाळी भिंत धरून चालतात.

मी त्यांना तेव्हा विचारलं होतं, असं का केलंत. म्हणाले, "त्येच्या हातात कला हाय. माज्या हातात काय हाय? त्येला जाऊ दे म्हमईला."

आणि तू गेलास. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्हीच तुला गाडीत बसवलं.

गेल्या उन्हाळ्यात तू त्या चष्मेवाल्या गृहस्थाला घेऊन टेम्पोतून आलास. म्हणालास, "आक्का, हितं गंजून जातील हे पत्रे. मी नीट जपून ठेवतो." दाजींनी स्वतः खिळे उपटले. तू गेल्यावर चार दिवस गोठ्याला गोणपाट होतं, मग आम्ही जुने पत्रे मिळवून लावले. दाजी प्रत्येकाला सांगायचे, रतनने आपली आठवण जपायला नेली.

आता राहिलं ते लिहिते. गेल्या महिन्यात एका शनिवारी बाईंकडे पाहुणे होते. सकाळी म्हणाल्या, "आज ते चित्रकार येणार आहेत, भजी चांगली कर." मी धुतलेलं लुगडं नेसून गेले. खरं सांगते, मी खूश होते. वाटलं, तू बघशील, उठशील, आक्का म्हणशील. बाईंना आश्चर्य वाटेल, एवढंच मनात होतं.

मी ताट पुढे केलं. तू माझ्याकडे बघितलंस. नीट बघितलंस. एक भजं उचललंस आणि "थँक्यू" म्हणालास.

बाई म्हणाल्या, "ही नंदा इथलीच. हिला त्या संपाचं ठाऊक असेल." तू म्हणालास, "नाही हो, इथल्या लोकांना कुठलं ठाऊक असायला."

मी तिथेच उभी होते, रतन. ताट घेऊन.

मग पाहुण्यांतल्या त्या उंच बाईने चित्राजवळ जाऊन विचारलं, हा माणूस कोण? मला वाटलं, निदान हे तरी सांगशील. मला ओळख दिली असतीस तर तुझी लाज गेली असती, पण कोंडूचं नाव घ्यायला काय जात होतं? तू म्हणालास, "कोणी नाही. कल्पनेतला आहे."

ताट ठेवून मी घरी आले. दाजींना सांगितलं, डोकं दुखतंय. तू आला होतास हे त्यांना अजून माहीत नाही. मी सांगणार नाही. पायांचं दुखणं ते सोसतात, हे त्यांच्याने सोसवणार नाही.

परवा मी ठाकरवाडीवर चढून गेले. कोंडू मोळ्या विकून पोट भरतो. बायको सारजाबाई बांधून देते, तो डोक्यावर नेतो. मी त्याला म्हटलं, "येसूचं लगीन हाय. मामा म्हनून तू हुबा ऱ्हा."

त्याने थोटा हात पाठीमागे नेला. मग म्हणाला, "ताई, मी ठाकर. तुमची भावकी काय म्हनंल? आन् ह्यो असला हात."

मी म्हटलं, "भावकीचं मी बगते. येसूला धरून न्यायला एक हात पुरं."

सारजाबाई रडायला लागली. कोंडूने विचारलं, "पर रतन हाय की. त्यो येनार न्हाई व्हय?" मी म्हटलं, "त्याला सवड न्हाई." तो म्हणाला, "मोटा मानूस झाला न्हवं. चांगलं झालं." त्याच्या बोलण्यात काहीच टोचणारं नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं. उतरताना मी वाटेत बसून रडले, तेवढंच.

भावकीत बोलणी सुरू झाली आहेत. नंदाचं डोकं फिरलं म्हणतात. दाजींना कालच सांगितलं. ते म्हणाले, "कोंडूचा मान हाय त्यो. पर रतन आला तर दोगं बी हुबं ऱ्हातील." म्हणून हे पत्र. त्यांच्या शब्दाखातर लिहिलं, आणि उद्या पोस्टात टाकीन.

तू येऊ नकोस. मांडवात आलास तर ते लंगडत उठून तुला मिठी मारतील, आणि ते मला बघवणार नाही. ते विचारतील तेव्हा मी सांगेन, तुझ्या कामाचे दिवस आहेत. ते विश्वास ठेवतील. तुझ्याबद्दल काहीही चांगलं सांगितलं तरी ते विश्वास ठेवतात.

बंगल्यावरचं काम मी सोडलेलं नाही. लग्न तोंडावर आहे. त्या चौकटीवरची धूळ रोज मीच पुसते. पत्र्यावर ओलं फडकं लावू नको असं बाईंनी बजावलंय, म्हणून कोंडूचं तोंड मी कोरड्या पदराने पुसते.

कळावे,

येसूची आई,
नंदाबाई