सुतळीच्या बाजा

आमगाव,
१२ नोव्हेंबर १९५७

प्रिय शकू,

तुझे बाबा मंत्री झाल्यापासून मला प्रत्येक पत्रात मुंबईला बोलावतात. बंगला आहे, दाराशी शिपाई आहे, फक्त घरधनीण हवी म्हणे! इकडे धानकापणी ऐन भरात आहे आणि तुझी आई गावासाठी उघडलेल्या आपल्या प्रसूतिगृहाच्या ओसरीवर बसून आल्यागेल्याला चहा पाजते आहे. बाळंतिणी सोडून सगळे येतात.

बाबांनी नागपूरहून थाटात लोखंडी खाटा आणि जाड गाद्या पाठवल्या होत्या. आता गादीखाली शेगडी ठेवून बाळंतिणीला शेकायचं कसं, हे पुरुषांना कोण सांगणार? मी बिसरामकडून सुतळीच्या बाजा विणून घेतल्या. डॉक्टरीणबाई धुरावरून कुरकुरल्या. अंगणात फुललेले निखारेच आत आणायचे आणि खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, या अटीवर कबूल झाल्या. तरी बाजा रिकाम्याच.

मग गेल्या पंधरवड्यात आपल्या शेतावर कामाला येणाऱ्या रुख्माची थोरली सून धुरपता घरीच अडली. बैलगाडीतून इथं आणेपर्यंत फार उशीर झाला. धुरपता वाचली, बाळ गेलं. मला इतका संताप आला की त्या दुःखातही मी रुख्माला विचारलं, वेळेवर का आणलं नाहीस? तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमची शकू काऊन नाही येऊन राहिली इथं? पहिलं बाळंतपण मायच्या घरी होते ना? तिले मुंबई, अन् आमाले हे?" तुझी गोड बातमी गावाला कळलेली आहे, शकू.

बाबांनी तिकडच्या मोठ्या इस्पितळात तुझं नाव घातलंय, ठाऊक आहे मला. तरीही सांगते, पहिलटकरीण म्हणून तू माहेरी ये. तुझ्या तपासणीचे कागद आधी पाठव. डॉक्टरीणबाईंना त्यात काही अवघड दिसलं, तर मीच मुंबईला येऊन तुझ्या उशाशी बसेन. भीती वाटली तर सरळ नाही म्हण, मी रुसणार नाही. मलाही भीती वाटते. बाबांची समजूत मी घालीन, मंत्री झाले तरी आजोबाही व्हायचंच आहे त्यांना. पण उत्तर लवकर पाठव. रुख्माच्या धाकट्या सुनेचेही तुझ्याच महिन्यात दिवस भरताहेत, आणि तू आलीस तर तिलाही इथं आणीन, असा शब्द रुख्मानं मला दिला आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई