उसवलेली ओळ

मुळशी

उत्कर्षा पोरी,

फोनवर तू इचारतीस आन् मी "बरं हाय" म्हणतो. पण मी लई दमलोय. तुझ्या आईला लकवा मारून सात म्हैने झाले. उठवणं, भरवणं, पुसणं समदं मीच करतो. तिचं कण्हणं सोसंना की परसात वांग्यांना पाणी घालत बसतो. तितं तिचा आवाज येत न्हाई. हे तुला फोनवर कसं सांगू?

दुपारी तिची अर्धी राहिलेली गोधडी घेऊन तिच्याजवळ बसतो. मान खाली घालून टाके घालत राह्यलं, म्हंजे तिच्याकडं बघावं लागत न्हाई.

काल तिनं चांगल्या हातानं माझी अख्खी ओळ उसवली. मी वरडलो, "दोन दिस घातलेत मी त्यात."

लकव्यापास्नं ती एक शबुद बोलली नव्हती. जीभ जड, तरी म्हणाली, "टाका... लांब."

मग तिनं गोधडीचा काठ मुठीत ताणून धरला आन् माझी वाट बघत राह्यली. मी ती ओळ पुन्हा घातली, बारीक टाक्यांनी.

आईला बावधनला तुझ्याकडं घेऊन जा, असं सांगायला हे पत्र परवा लिहायला घेतलं होतं. आता धाडत न्हाई.

तुझा आप्पा