दोन मुलाखती

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

हसायचं म्हणे! आत शिरताना हसायचं, खुर्ची ओढताना आवाज करायचा नाही, ‘बसू का’ विचारायचं. ही स्नेहल मॅडम. कुठल्याशा संस्थेकडून आली आहे, वय असेल सव्वीस-सत्तावीस. आणि समोर आम्ही, सुटायला आलेल्या अकरा बायका, शिवणाच्या खोलीत सतरंजीवर. नोकरीच्या मुलाखतीचं प्रशिक्षण! महिनाअखेरीला विंचूरकडच्या कांदा पावडरच्या कंपनीचा माणूस इथंच येणार, मुलाखती घेणार, दोघी-तिघींना कामावर घेणार.

इथं तुरुंगात मुलाखत म्हणजे घरचं माणूस भेटायला येणं. काचेपलीकडून. साडेआठ वर्षांत मला एकही मुलाखत नाही. आता एकदम ही!

माफीचे दिवस धरून ९ डिसेंबरला सुटतेय. कुठं जाणार ते कुणी विचारलं नाही. खुर्ची कशी ओढणार ते विचारलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज फळ्यावर लिहिलं — काय घडलं ते एका वाक्यात, काय शिकले ते एका वाक्यात, पुढं काय करणार ते एका वाक्यात. ‘माझ्याकडून चूक झाली, असं शांतपणे म्हणायचं. समोरच्याला प्रामाणिकपणा आवडतो.’

मी विचारलं, ‘मी चूक केलीच नसेल तर?’

‘पण ताई, कोर्टाने तर...’

‘कोर्ट आमच्या घरात राहायला होतं का?’

शिपाईबाई ओरडली, ‘ए छाया, खाली बस!’ बसले.

आता इथं लिहिते, इथं कुणी खाली बस म्हणत नाही. माझी वहिनी मोहिनी विहिरीत गेली. स्वतःच्या पायांनी गेली. मी तिला ढकललं नाही, हात लावला नाही. मारायचा तो दत्तू, माझा भाऊ. तो मारायचा — मी नाही! तरी दोघांना दहा-दहा वर्षं. छळ करून जीव द्यायला लावलं म्हणे. माझ्या जामिनाला कुणी उभं राहिलं नाही. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी येऊन बसलेली नणंद! तिचा काही दोष नाही असं कोण म्हणणार? निकालाच्या आधीच गावानं निकाल दिला होता.

आणि आता ही पोरगी म्हणते, ‘चूक झाली’ हे वाक्य घरी — घरी! — पाठ करून या.

नाही करणार.

७ नोव्हेंबर

डोकं अजून तापलेलंच. स्वयंपाकघरात पाळी होती, डाळ करपवली. बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज खोटी खोटी मुलाखत. मॅडम कंपनीच्या साहेब झाल्या. पहिली लंकाबाई. सुरगाण्याकडची, पन्नाशीची, माझ्या शेजारीच झोपते.

‘तुम्ही इथे का आलात?’

‘नवरा मारला.’

‘अहो, असं एकदम नाही सांगायचं!’

‘मंग कसा सांगू? दारू पिऊन पोरीच्या अंगावर गेला. मुसळ होता हाताशी. मारला.’

मॅडमनी हातातला कागद उलटला. म्हणाल्या, ‘बरं... तुमच्यातले गुण सांगा.’

‘भाकरी. शंभर मानसांची करते एकटी.’

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग माझं नाव घेतलं.

‘छायाताई, काय घडलं होतं?’

‘घरगुती वाद.’

‘त्यात तुमचा काही भाग?’

‘काही नाही.’

‘मग एवढी वर्षं...’

मी खुर्ची मागं ढकलून उठले. मोठा आवाज झाला. झाला तर झाला!

जेवताना लंकाबाई म्हणाली, ‘तुला येवढा राग कुनाचा येतो गं?’ म्हटलं, सगळ्यांचा. ‘माझा बी?’ तुझा तर जास्तच! मनातल्या मनात म्हटलं हे. दोन शब्दांत सगळं सांगून मोकळी होते आणि पाठ टेकताच घोरायला लागते. मला इकडं डोळ्याला डोळा नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मुलाखत आली. माझी!

नाव पुकारलं तर मला वाटलं दुसरी कुणी छाया असेल. काचेपलीकडं एक मुलगी. रिसीव्हर उचलून म्हणाली, ‘मी सायली.’ जसं काही मी ओळखणारच नव्हते. मोहिनीचं कपाळ, मोहिनीच्या भुवया. नऊ वर्षांची होती तेव्हा आजोळचे मालेगावला घेऊन गेले. आता अठरा पूर्ण. आधार कार्ड घेऊन एकटी आली, एसटीनं.

मला वाटलं, आत्या सुटतेय म्हणून आली. किती वेडी मी!

‘बाबा काहीच बोलत नाहीत. म्हणून तुझ्याकडे आले. आई गेली त्या दिवशी सकाळी घरात तुम्ही दोघीच होता. मी शाळेत होते. काय झालं होतं?’

‘कोर्टाच्या कागदात आहे सगळं. वाच.’

‘दोनदा वाचलं. त्यात तू म्हणतेस, मला काही माहीत नाही.’

‘मग तेच.’

तिनं ओठ चावला. म्हणाली, ‘मी भांडायला नाही आले, आत्या. त्या सकाळी मी आईशी भांडले होते. वेणी घालू दिली नाही, हात झटकला तिचा. तशीच गेले शाळेत. मला इतकी वर्षं वाटतंय, माझ्यामुळेच—’

मी रिसीव्हर खाली ठेवला. वेळ उरला होता, तरी उठले. ती काचेवर हात आपटत होती, आवाज ऐकू येत नव्हता.

कोण शिकवून पाठवतं पोरीला असं? आजोळच्यांनीच पाठवली असणार. सुटायच्या तोंडावर माझा जीव खायला!

१७ नोव्हेंबर

वर्गात गेले नाही. अंग दुखतंय म्हणून सांगितलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘ते एक वाक्य तरी म्हणून बघा. सोमवारी साहेब येणार.’

मी ओरडलेच. ‘तुम्हाला काय माहीत? कधी खाली मान घालून उभ्या राहिलात कुणासमोर?’

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, ‘हे कागद मला ऑफिसातून दिलेत, ताई. तुम्हा लोकांना बाहेर नक्की काय विचारतात, ते मलाही माहीत नाही.’

म्हणजे हिला काहीच माहीत नाही! तीन आठवडे आम्हाला हसायला शिकवतेय! राग यायला हवा होता. आला पण. पण तिनं डोळे पुसून फळा पुसला, ते बघवलं नाही. तिच्यासमोर वाक्य म्हटलं. एकदाच. ‘माझ्याकडून चूक झाली.’ तोंड कडू झालं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

साहेब आले. पन्नाशीचा माणूस, पायात चपला, खिशाला दोन पेनं. मी हसले. खुर्ची उचलून ठेवली. वाक्य तयार ठेवलं होतं अगदी जिभेवर.

‘कांद्याचं काम केलंय का?’

‘व्यापाऱ्याच्या खळ्यावर, कांदा निवडायला. सहा वर्षं.’

‘गोल्टी कशाला म्हणतात?’

‘बारीक कांद्याला.’

‘आमच्याकडे दिवसभर चिराईचा वास असतो. डोळे सहन करतील? आठ तास उभं राहावं लागेल.’

‘राहीन.’

‘ठीक. पुढची पाठवा.’

मी उठलेच नाही. म्हटलं, ‘साहेब, तुम्ही विचारलं नाही.’

‘काय?’

‘मी काय केलं ते.’

त्यांनी कागद उलटा करून बघितला. ‘ते लिहिलेलं आहे की यात. मला पाळीला माणसं हवीत, बाई.’

मला घेतलं. लंकाबाईलाही, त्यांच्या कँटीनला. राहायला खोली देणार. स्नेहल मॅडमनी चक्क माझा हात धरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला आनंद का होत नाही? चीड आली त्या माणसाची! महिनाभर आम्ही त्या एका प्रश्नासाठी मरत होतो आणि त्याला तो विचारावासाही वाटला नाही.

२५ नोव्हेंबर

लंकाबाई दिवसभर भाकरीच्या गोष्टी सांगतेय. किती मोठी चूल असेल, पीठ कुठलं असेल. मी तिच्यावर खेकसले. ती म्हणाली, ‘नोकरी भेटली तरी तुझा राग जायना. मंग तो राग कंपनीचा नव्हता गं.’



विचारणारी एकच होती. तिला मी काचेपलीकडं तसंच ठेवून आले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सायलीला पत्र टाकलं. जेलर मॅडम वाचूनच पुढं पाठवतात. वाचू देत.

लिहिलं — तुझी आई तुझ्यामुळं गेली नाही. त्या सकाळी चहा गाळताना ती रडत मला म्हणाली, ताई, मला आता जगावंसं वाटत नाही. मी म्हणाले, मग विहीर काय लांब नाही.

ती विहिरीकडं निघाली तेव्हा मी ओट्यावर बसून बघत होते. तिच्या हातात घागर नव्हती.