पोत्याचा तळ

कलम पहिलं. वरच्या मजल्यावरच्या शिवणवालीला माझ्यामागे माझ्या घरातली फुटकी बशीसुद्धा द्यायची नाही. सहा वर्षं झाली, जिन्यात मी समोर आले की ती भिंतीकडे बघते. भिंतीवर काय लिहिलंय? तिघीजणींसमोर मला चोर ठरवायला निघाली होती ती. मागे कोणीतरी म्हणेलच, जाऊ दे, मेलेल्या माणसाने कसला राग धरायचा. धरायचा. म्हणून हे कलम सगळ्यात आधी.

कलम दुसरं. आमच्या इमारतीत मागच्या खोलीत राहणारा वकील म्हणतो, "काकू, आधी तुम्ही कोण ते लिहायचं असतं, भांडण नंतर." तर लिहिते. मी, वय वर्षं चोपन्न, शिक्षण चौथी, काम घरात पाव भाजून विकणे आणि आमच्या जिन्यातल्या घरांसाठी महिन्याचं पिठाचं पोतं आणून वाटणे. हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दबाव टाकलेला नाही, टाकून बघावा. पुढच्या सोमवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, आणि लगेच तीन ठिकाणी सह्या घेतल्या. वकिलाने एकच गोष्ट बजावली आहे, खाडाखोड करायची नाही. चुकलं तर खाली नवीन कलम लिहायचं. कागदही वाचतो, तेव्हा मला पटलं.

कलम तिसरं. ही दोन खोल्यांची जागा माझ्या नावावर आहे. आमचे हे जिवंत असेपर्यंत त्यांनी इथेच राहावं, नंतर जागा मुलीची. बँकेत जे आहे तेही तसंच. मुलीने बापाला आपल्याकडे नेऊ नये. तिच्या घरात लिफ्ट आहे, ह्यांना लिफ्टमध्ये चक्कर येते आणि ते कबूल करत नाहीत.

कलम चौथं, ह्यांच्यासाठी. तुम्ही तीस वर्षं बस चालवलीत, पण बाजारात तुम्हाला वळायचं कुठे ते कळत नाही. म्हणून लिहून ठेवते. उपाशीपोटी बाजारात जायचं नाही. मागे मीठ आणायला पाठवलं तर तीन प्रकारची बिस्किटं आणि एक अननस घेऊन आलात, आणि मीठ विसरलात. संध्याकाळी दुकानं आवरायच्या वेळी जा. टोमॅटो मऊ पडलेले घ्या, रश्शाला तेच लागतात. वाकडी गाजरं घ्या, चिरल्यावर सगळी सारखीच दिसतात. कांदा मात्र दाबून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही, वजन वाचा, चष्मा घेऊन जा. शिळा पाव टाकायचा नाही. तुकडे करून तव्यावर कोरडे भाजा, डब्यात भरा, सूपमध्ये टाका. अंडी चार दिवसांचीच आणा. एकट्या माणसाला डझनभर अंडी लागत नाहीत.

कलम पाचवं. ओव्हन मुलीला. ती फोनवर बघून केक करते, एका केकला सात भांडी आणि एक भांडण. तरी ओव्हन तिलाच. त्याची डावी मागची बाजू जास्त तापते, म्हणून निम्म्या वेळाने साचा फिरवायचा. दार नीट बसत नाही, वरच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची घडी घालायची. ती घडी मी दर महिन्याला बदलते. "आई, नवीन ओव्हन घे गं," हे ती बारा वर्षं म्हणते आहे. बाई, ह्याच ओव्हनवर तुझं कॉलेज झालं. फिरवायचा साचा, हात काय झडतो?

कलम सहावं. नणंदेला करपलेल्या बुडाचा चौकोनी साचा. बावीस वर्षं माझा पाव हातात घेऊन, उलटा करून, बुडावर टिचकी मारून ती म्हणते, "अजून पाच मिनिटं हवा होता, वहिनी." आता साचाच घे आणि भाज हवा तेवढा.

कलम सातवं. तराजू आणि वजनं.

हे कलम रविवारी इतकंच लिहून ठेवलं होतं. तराजू कोणाला द्यायचा ते सुचेना. आज मंगळवार.

तराजूबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही पाच घरं मिळून महिन्याला गिरणीतून एक मोठं पोतं आणतो. दुकानातल्या छोट्या पिशव्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. पोतं माझ्या घरी येतं, मी एक एक किलो तोलून प्रत्येक घराच्या पिशवीत दहा किलो घालते. गिरणीवाला दोन मुठी जास्तच भरतो, काही पीठ पोत्याच्या शिवणीत अडकतं. शेवटी पोतं झटकून जे निघतं त्याला आम्ही तळ म्हणतो, आणि तळ तोलणारीचा. हा रिवाज माझ्या आधीच्या बाईपासूनचा. तळ म्हणजे दोन वाट्या पीठ. माझा मात्र अख्खा डबा भरायचा. मला वाटायचं, माझा हात बसलेला, मी पीठ सांडत नाही, म्हणून. त्या पिठाचा मी गोड पाव करायची आणि सगळ्या जिन्यात फोड फोड वाटायची.

पिशव्या शिवणवालीने शिवलेल्या. जुन्या पडद्याच्या कापडाच्या, पाचही एका मापाच्या, आणि दहा किलो जिथपर्यंत येतं तिथे तिने लाल दोऱ्याची रेघ घातलेली. तिला कोणी सांगितलं नव्हतं रेघ घालायला. तिचा स्वभावच तो. सहा वर्षांपूर्वी पोत्याच्या दिवशी ती पिशवी हातात धरून म्हणाली, "ताई, पीठ रेघेच्या खाली आहे. अर्धं बोट."

मी म्हटलं, "पीठ बसतं. दाबलं की खाली जातं."

"मागच्या महिन्यातही बसलं होतं. एकदा रिकामा काटा दाखव ना."

तोलायच्या आधी दोन्ही पारडी रिकामी धरून दांडी सरळ आहे हे सगळ्यांना दाखवायचं, ही जुनी पद्धत. ती मी बंद केली होती. एक एक किलो, पन्नास वेळा, त्यात आणि ही नाटकं कोण करणार? मला वेळ नव्हता. मला कधीच वेळ नसतो.

"म्हणजे मी चोर?" मी म्हटलं.

"मी काट्याबद्दल बोलतेय, ताई. तुझ्याबद्दल नाही."

"काटा माझा, हात माझा. उचल पिशवी आणि चालती हो. उद्यापासून दुकानातून घे."

तिने पिशवीतलं पीठ परत पोत्यात ओतलं, पिशवी झटकली, चार घड्या केल्या आणि गेली. बाकीच्या तिघी जमिनीकडे बघत होत्या. तिच्या जागी मी समोरच्या घराला घेतलं. त्यांच्यासाठी पिशवी मी स्वतः शिवली, वाकडीतिकडी, रेघ नाही. शिवणवाली तेव्हापासून कोपऱ्यावरच्या दुकानातून एक एक किलोची पाकिटं आणते. एकट्या बाईला ते किती महाग पडतं ते मला पक्कं माहीत होतं, आणि मला बरं वाटायचं. हेही लिहून ठेवते.

आता आजचं. तराजू ज्याला द्यायचा त्याला स्वच्छ द्यावा म्हणून खुंटीवरून काढला. ह्यांना म्हटलं, धरा जरा वर, साखळ्या पुसते. ह्यांनी धरला.

"अगं, तिरका आहे."

"हात सरळ धरा."

"सरळच आहे. तीस वर्षं स्टिअरिंग धरलं, हात मला सांगू नकोस. हे पोचा पडलेलं पारडं खाली जातंय."

पोचा पडलेल्या पारड्यात मी पीठ घेते, दुसऱ्यात वजन. खालून हात फिरवला. खडबडीत लागलं. उलटं केलं तर पारड्याच्या बुडाला वाळून दगड झालेला पिठाचा थर. पोत्याच्या दिवशी मी सकाळी पावाचं पीठ मळायला घेते, पोतं आलं की तेच चिकट हात झटकून उठते आणि पारडं खालून धरते. एका वेळी नखभर चिकटलं असेल. वर्षांनुवर्षं. खुंटीवर पारडी एकात एक बसतात, बूड कोण बघतं? सुरीने खरवडून काढला आणि दुसऱ्या पारड्यात पंचवीस ग्रॅमचं वजन टाकून तोलला. थर जड भरला.

म्हणजे प्रत्येक किलोमागे तेवढं पीठ कमी, आणि कमी पडलेलं सगळं पोत्यात मागे राहून शेवटी माझ्या डब्यात. मी लोकांचंच पीठ लोकांना गोड करून वाटत होते आणि वर "काय हात आहे तुमचा!" हे ऐकून घेत होते.

ह्यांनी तो थर उचलून उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "तिला सांगशील?"

"मेल्यावर कळेल तिला. मृत्युपत्रात लिहिते."

"वा," हे म्हणाले, "म्हणजे तेव्हाही तिलाच उत्तर देता येऊ नये."

मी ह्यांना भांडी घासायला लावली. पण ते बरोबर बोलले.

कलम आठवं. बाकीच्या तिघींच्या पिशव्यांवरही लाल रेघ होती. त्यांनाही पीठ खाली दिसत होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही, कारण माझ्या तोंडाला भ्यायल्या. एकटी बोलली तिला मी घालवलं. ह्यापुढे वर्षभर पोत्याचा तळ त्या तिघींनी, समोरच्या घराने आणि शिवणवालीने वाटून घ्यावा, आमच्या घराने त्याला हात लावू नये. मी जगले तरी हे लागू. तिघींना मंगळवारीच जिन्यात बोलावून सांगायचं ठरवलं होतं, ते आज, बुधवारी सकाळी सांगितलं. एक जण म्हणाली, "जाऊ दे हो काकू, पाव छान असायचा." तिला म्हटलं, छान असणारच, पीठ तुझं होतं.

कलम नववं. अजून बुधवारच. पहिलं कलम रद्द करावं म्हणून वकिलाकडे गेले. तराजू शिवणवालीच्या नावे लिहिते आणि साक्षीदार म्हणून तिचीच सही घेते असं म्हटलं, तर तो म्हणाला, "काकू, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार राहू नये." मला सही तिचीच हवी आहे. ह्या जिन्यात डोळे उघडे ठेवून बघणारी आणि बघितलेलं बोलणारी तेवढी एकच आहे. म्हणून पहिलं कलम तसंच राहू दे. मेल्यावर तिला माझं काही नाही, तळ तर मुळात त्यांचाच. तराजू, वजनं आणि पोत्याची वाटणी मी तिला जिवंतपणीच देते आहे.

मृत्युपत्र मेल्यावर वाचतात म्हणे. मला तेवढा दम नाही. हा कागद आज ह्यांच्या हाती वर पाठवते आहे.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर, ओव्हनसमोरचं टेबल.
तारीख: शनिवारची, सही होईल तेव्हा.
सही: मी दोन्ही साक्षीदारांसमोर करणार.
साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचा इस्त्रीवाला. तयार आहे. त्याने फक्त विचारलं, सगळं वाचावं लागेल का. नाही म्हटलं.
साक्षीदार दुसरी: ही ओळ मोकळी आहे.

शिवणवाले, माफी हा शब्द मला लिहिता येतो, चौथी झालेय. माफ कर. तू काट्याबद्दल बोलत होतीस. मला तेव्हाच ऐकू आलं होतं.

शनिवारी दुपारी चारला पोतं येतंय. सोमवारी मी नाही, मग महिनाभर उचलायला, तोलायला माझ्या अंगात जोर नसेल. घरं सहा होतील, वाटणी नव्याने बसवावी लागेल, ती तूच बसव. येताना तुझी ती लाल रेघेची पिशवी आण, टाकली असशील असं वाटत नाही. पारडी घासून ठेवली आहेत. आल्याबरोबर आधी रिकामा काटा धर, सगळ्यांना दाखव, मला सगळ्यात शेवटी.

येणार की नाही ते शनिवारी दुपारी तीनच्या आत सांग. नाही म्हणायचं असेल तरी खाली येऊन म्हण. भिंतीला सांगू नकोस, मला सांग.