दिवाघराच्या फळ्यावरून उतरवलेल्या चार बिल्ल्यांबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
वारसा जतन व सुशोभीकरण कक्ष,
नगर परिषद कार्यालय, पहिला मजला
(पूर्वीचे खाण व्यवस्थापकाचे दालन).

विषय : खाण संग्रहालयातील फळ्यावरून चार बिल्ले काढल्याचा खुलासा, ते पुन्हा न टांगण्याबाबत व स्मृतिशिळेवर सातऐवजी अकरा नावे कोरण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ४ ऑगस्टचा अर्ज. २) त्यास आपले दि. २९ सप्टेंबरचे उत्तर. ३) आपली दि. ११ ऑक्टोबरची नोटीस.

महोदय,

संदर्भ ३ ची नोटीस मला मिळाली. तीत माझे वय चौऱ्याऐंशी लिहिले आहे. ते सत्तर आहे. चौदा वर्षांची ही वाढ आपल्या कक्षाने कोणत्या साधनाने मोजली ते कळत नाही. तथापि कक्षाच्या इतर मोजमापांच्या मानाने ही चूक किरकोळ असल्याने तिच्याबद्दल तक्रार नाही. मागितलेला खुलासा क्रमाने सादर करतो.

१. "अर्जदाराने चार बिल्ले काढून नेले" हे विधान पाऊण भाग खरे आहे. क्रमांक २१३, २१४ व २१५ मी काढले. क्रमांक २१२ माझ्या थोरल्या वहिनीने काढला. तिचे वय चौऱ्याहत्तर असून तिला त्यासाठी स्टूल लागले. स्टूल मी धरले होते. नोटीस दुरुस्त करावी.

२. बिल्ले का काढले हे कळण्यासाठी फळा म्हणजे काय हे कळावे लागते. ते आपल्या कक्षात कोणालाही ठाऊक नसल्याचे आपल्या पुस्तिकेवरून दिसते. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आपण गावाचे वर्णन "डोंगराच्या कुशीत नांदणारे एक कष्टाळू कुटुंब" असे केले आहे. हे गाव डोंगराने वसवलेले नाही, थराने वसवलेले आहे. पुरुषभरही जाडी नसलेला कोळशाचा थर उतारावर जिथे उघडा पडला होता तिथे पहिले तोंड खणले गेले, आणि त्या तोंडापासून जितक्या अंतरावर कंपनीला माणूस हवा होता तितक्या अंतरावर त्याचे घर बांधले गेले. वरच्या लाईनीत साहेब आणि त्यांच्या मागे आम्ही पदविकावाले, मधल्या लाईनीत मुकादम, खालच्या लाईनीत खणणारे आणि टेकू लावणारे. वारा कोळशाच्या चाळणीकडून सुटला की मधल्या लाईनीतल्या बायका दोरीवरचे कपडे आत घेत. खालच्या लाईनीतल्या घेत नसत. आत आणि बाहेर असा फरक करण्याइतकी त्यांच्या घरांत जागा नव्हती. याला आपण कुटुंब म्हणता. असो. खाण चालू असताना येथे अकराशे घरांत चूल पेटत असे. गेल्या महिन्यात मी फिरून मोजली, तेव्हा दोनशे सहा भरली.

३. फळा दिवाघरात होता. दिवाघर म्हणजे जिथे प्रत्येकाला खाली नेण्याचा दिवा मिळे ती खोली. प्रत्येक माणसाचा एक पितळी बिल्ला, प्रत्येक बिल्ल्याला फळ्यावर एक खुंटी. खाली जाताना माणूस आपला बिल्ला काढून गळ्यात घाली. वर आला की परत टांगी. म्हणजे भरलेली खुंटी हा वर असलेला माणूस, आणि रिकामी खुंटी हा खाली असलेला माणूस. एवढाच नियम. तो समजायला पदविका लागत नाही. गावातल्या निरक्षर बायकांनाही तो येत होता. भोंगा दिवसातून तीनदा होई. अवेळी झाला की बायका चुलीवरचे तसेच टाकून धावत सुटत, त्या खाणीच्या तोंडाशी नव्हे, दिवाघराकडे. कारण तोंडाशी नुसता धूर दिसे, फळ्यावर आपला माणूस दिसे.

४. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी पहिल्या पाळीला भोंगा अवेळी झाला. संध्याकाळी फळ्यावर अकरा खुंट्या रिकाम्या होत्या. मुख्य बोगद्यातून सात मृतदेह वर आणले. पूर्वेचा भाग छत खचून पाण्याने भरला होता. पाचव्या दिवशी त्याच्या तोंडाशी भिंत घालून तो बंद करण्यात आला. भिंतीमागे टेकू लावणारी चार जणांची टोळी राहिली. टोळीचा प्रमुख माझा थोरला भाऊ, क्रमांक २१२. दुसरा "घड्याळ", कारण त्याला अंधारात तीन तास काम केल्यावरही किती वाजले ते सांगता येई. तिसरा "मौनी", ज्याचे तोंड झोपेतही बंद नसे. चौथा "नवरदेव", लग्नाला बावीस दिवस झालेले.

कंपनीच्या अहवालात मृत सात. उरलेल्या चौघांच्या नावांपुढे शेरा : "पूर्वसूचना न देता काम सोडून गेले." कारण उघड आहे. नकाशावर पूर्वेचा भाग आठ महिन्यांपासून बंद होता आणि बंद भागात माणसे मरू शकत नाहीत.

व्यवस्थापकाने दिवाघरवाल्याला बोलावले आणि चार नवे बिल्ले ठोकून त्या खुंट्यांवर लावायला सांगितले. मी तेव्हा त्याच खोलीत, म्हणजे आज आपण बसता त्या खोलीत, नकाशे गुंडाळत उभा होतो. दिवाघरवाला दुसरी शिकलेला माणूस. तो म्हणाला, "लावतो की साहेब. फक्त एकदा ती माणसं माझ्यासमोर उभी करा." व्यवस्थापक म्हणाला, "तुला नोकरी नको झालीय का?" तो म्हणाला, "नोकरी हीच हाय साहेब. आलेल्याचा लावायचा, न आलेल्याचा नाही लावायचा. दुसरं मला काय येतंय?" त्याला कामावरून काढता आले नाही, कारण सर्व दिव्यांची निगा त्या एकट्यालाच जमत असे. त्या अकरा खुंट्या नंतर कोणालाही दिल्या गेल्या नाहीत. नव्या भरतीला पुढचे क्रमांक मिळत गेले. दिवाघरवाला रोज फळा पुसे आणि त्या अकरा खुंट्यांवरून फडके फिरवून पुढे जाई. खाण बंद होईपर्यंत सव्वीस वर्षे हे असेच चालले. चौघे खाली आहेत असे सांगणारा सबंध गावात तो एकच दस्तऐवज होता.

५. आता आपल्या कक्षाचे कार्य. आपण खालच्या मैदानी मुलखातून एक सजावट सल्लागार आणला. त्याने दिवाघराला चॉकलेटी रंग दिला, दिव्यांमध्ये विजेचे पिवळे बल्ब बसवले आणि कधीच नसलेल्या एका खिडकीला पडदा लावला. मी विचारले तेव्हा त्याने मला मोठ्या प्रेमाने समजावून सांगितले : "काका, कंपनीच्या यादीप्रमाणे सात जण गेले, त्यांच्या सात खुंट्या आम्ही मुद्दाम रिकाम्या ठेवल्यात, वर छोटा लाईट सोडलाय. बाकीचे चार बिल्ले हरवले होते, ते नवीन करून घेतले. नाहीतर फोटोत दात पडल्यासारखं दिसतं हो."

महोदय, जो व्यवस्थापक माणसे भिंतीआड टाकून जेवायला घरी गेला, त्याला जे चव्वेचाळीस वर्षांपूर्वी जमले नाही, ते आपल्या कक्षाने एका दुपारी करून दाखवले, तेही कोणाला धमकी न देता. त्याला निदान आपण काय करतो आहोत हे माहीत होते.

६. संदर्भ १ च्या अर्जात मी शिळेवर अकरा नावे कोरावीत अशी विनंती केली होती व पुरावा म्हणून फळा पाहावा असे लिहिले होते. आपण फळा पाहिला. संदर्भ २ च्या उत्तरात आपण लिहिता : "प्रत्यक्ष पाहणीअंती सदर चारही इसमांचे मूळ बिल्ले जागेवर आढळून आले. सबब सदर इसम त्या दिवशी खाणीतून सुखरूप बाहेर पडल्याचे दिसून येते." पाहणी अहवालावर दोन सह्या आहेत. एक आपली. दुसरी सल्लागाराची, म्हणजे ज्याने ते बिल्ले ऑगस्टमध्ये बनवून घेतले त्याची. नव्या बिल्ल्यांच्या पाठीवर बनवणाऱ्या दुकानाचा शिक्का आहे. त्याखाली दूरध्वनी क्रमांक आहे. आपण बिल्ला उलटून पाहिला असता तर चौघांच्या सुखरूप सुटकेची खात्री त्या दुकानाला फोन करूनही करता आली असती.

त्याच उत्तराच्या शेवटी अशीही सूचना आहे की, संबंधित इसमांना काही हरकत असल्यास त्यांनी पंधरा दिवसांत समक्ष उपस्थित राहावे. ही मुदत १४ ऑक्टोबरला, म्हणजे आज संपते. मी सकाळी आपल्या कार्यालयात येऊन पाहिले. कोणी आलेले नाही.

७. दि. ९ ऑक्टोबरला गावकऱ्यांसाठी संग्रहालय खुले केले तेव्हा वहिनीला पाहायचे होते. मी नको म्हणालो, ती म्हणाली, "भाऊजी, फळा तरी बघून येऊ." आत आपली मार्गदर्शक मुलगी पाहुण्यांना पाठ केलेले सांगत होती : "ज्या खुंटीवर बिल्ला आहे तो कामगार संध्याकाळी हसतहसत घरी गेला!" वहिनी फळ्यापुढे बराच वेळ उभी राहिली. तिला अंक वाचता येतात. दोनशे बारा तर फार चांगला येतो. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हे घरी आले होते म्हणे. मी कुठं गेले होते हो तेव्हा?"

त्यानंतर तिने स्टूल मागितले. सुरक्षारक्षक ओरडला, "आजी, हात नाही लावायचा, लिहिलंय ना तिथं!" ती म्हणाली, "बाबा, तू लिहिलेलं वाच. मला माझं करू दे." बिल्ला तिने कमरेच्या पिशवीत टाकला. उरलेले तीन मी काढले, कारण घड्याळ, मौनी आणि नवरदेव यांच्या घरचे आता गावात कोणी राहिलेले नाही.

येथे नमूद करणे भाग आहे की "काम सोडून गेले" या शेऱ्यामुळे वहिनीला खालच्या लाईनीतले घर आठ दिवसांत रिकामे करावे लागले. पळून गेलेल्या नवऱ्याची बायको म्हणून ती चव्वेचाळीस वर्षे याच गावात राहिली आहे. पाणवठ्यावर तिला विचारत, "काय गं, काही पत्र-बित्र आलं का?" विचारणाऱ्यांना उत्तर माहीत असे. त्यांनीही फळा पाहिलेला असे. हेही आपल्या कष्टाळू कुटुंबाबद्दल पुस्तिकेत घालण्यास हरकत नाही.

८. येथपर्यंत मी कंपनी, गाव आणि आपला कक्ष यांची मोजणी केली. मोजणी ज्या बिंदूपासून निघाली त्याच बिंदूवर येऊन मिटली नाही तर ती चुकलेली समजावी, असे तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी शिकवतात. निघण्याचा बिंदू मी आहे.

पूर्वेचा भाग बंद दाखवणारा नकाशा मी काढला. त्या भागात छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब परवानगीशिवाय काढले जात होते. व्यवस्थापक म्हणाला, "कागदावर बंद दाखव, म्हणजे पाहणीवाले तिकडे फिरकणार नाहीत." मी सव्वीस वर्षांचा होतो, वरच्या लाईनीतले घर नुकतेच मिळाले होते, आणि माझी रेघ फार सुबक होती. तिरप्या रेघांनी तो भाग मी भरला. भाऊ तिथे टेकू लावायला जातो हे मला माहीत होते. नकाशा पाहून तो म्हणाला होता, "काय रे, मला जिवंतपणी पुरलंस की!" आणि आम्ही दोघे हसलो होतो. ज्याने टेकू लावून लावून मला शिकवले, त्याला मी पेन्सिलीने बंद केले, आणि पुढे चव्वेचाळीस वर्षे मी ती रेघ खोडली नाही. आपल्या कक्षाबद्दल या अर्जात जे काही म्हटले आहे ते सर्व मी आधी स्वतःला लावून पाहिले आहे. ते बसते.

माझी मूळ मोजणीवही मात्र मी कंपनीला दिली नाही. तीत त्या मंगळवारच्या आदल्या शनिवारपर्यंत पूर्वेच्या भागात किती खांब निघाले याची मापे आहेत, आणि समासात टोळीचे चार क्रमांक आहेत, माझ्या अक्षरात.

९. सबब विनंती. नोटिशीत आपण बजावले आहे की सात दिवसांत बिल्ले परत न केल्यास माझ्याविरुद्ध चोरीची तक्रार दाखल करण्यात येईल. कृपया ती दाखल करावी. मी बिल्ले परत करणार नाही. आपण मन मोठे करून विषय मिटवाल अशी मला भीती वाटते. तसे करू नये.

तक्रारीत वस्तू कोणाच्या मालकीची, हे लिहावे लागते. बिल्ले नवे आणि नगर परिषदेचे असे लिहिलेत, तर पाहणी अहवालातले "मूळ बिल्ले" खोटे ठरतात. मूळ असे लिहिलेत, तर मालक ते चौघे. आणि ते आज कोठे आहेत हे तपास करणाऱ्याला विचारावेच लागेल. त्याने मला विचारावे. वही घेऊन मी सांगेन, आणि भिंतही दाखवीन. ती कशी फोडायची हे या गावात आता मला एकट्यालाच माहीत आहे. नकाशाबद्दल जी काही शिक्षा असेल ती त्याच वेळी सांगावी. तोपर्यंत शिळेचे कोरीवकाम थांबवावे.

वहिनीलाही आरोपी करावे, अशी तिची स्वतंत्र विनंती आहे. तिला सही येत नसल्याने ती माझ्यामार्फत करत आहे. आरोपी क्रमांक दोनची माहिती भरताना वैवाहिक स्थितीच्या रकान्यात "विधवा" असे लिहावे, एवढेच तिचे म्हणणे आहे. आजवर कोणत्याही कार्यालयाने तिला तो शब्द दिलेला नाही.

तक्रारीच्या प्रतीक्षेत, पत्रव्यवहाराच्या नियमापुरता
आपला नम्र,

(सही)
सेवानिवृत्त खाण सर्वेक्षक,
वरची लाईन, घर क्रमांक १७.
दि. १४ ऑक्टोबर

सोबत :
१) मोजणीवहीतील पाने ४१ ते ४८ यांच्या प्रती. मूळ वही फक्त तपास अधिकाऱ्यास दाखवली जाईल.
२) पूर्वेच्या भागाचा नकाशा, अर्जदाराने दुरुस्त केलेला. तिरप्या रेघा काढून टाकल्या आहेत.
३) आरोपी क्रमांक दोनच्या अंगठ्याचा ठसा.