वीस तारखेची सही

३ नोव्हेंबर ८६, महाड
लक्ष्मीपूजनानंतर आज कारखान्याचं वाहतूक ऑफिस उघडलं. नवा करार आलाय. तीन पानं, सगळी इंग्रजीत. आम्ही अकरा जण, ज्याची त्याची एकेक गाडी. कारकून मोरे उभ्या उभ्या मराठीत सांगत गेला. गाडीचं आर.सी. बुक ऑफिसात जमा करायचं. कुठल्या घाटानं जायचं ते ऑफिस ठरवणार. खेप नाकारली तर नाव कमी. वाटेत मालाला काही झालं तर जबाबदार गाडीवाला. वीस तारखेपर्यंत सह्या.
तीन वर्षं सगळं तोंडी चाललं होतं.
कागद घरी न्यायला मागितला. सही केलीस की मिळेल, म्हणाला.
घरी शोभाला सांगितलं नाही. जेवण गेलं नाही त्यावरून तिनं ओळखलं असणार.

५ नोव्हें.
आमच्यातल्या हसनमियांनी सगळ्यांना पोलादपूरला स्टँडसमोरच्या हॉटेलात बोलावलं. मी गाडी शिकलो ती त्यांच्याकडेच. माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी कशेडी घाट शिकवला. ते म्हणाले, "बुक दिलं म्हणजे गाडी दिली. एकानंपण सही करायची नाय." सगळे हो म्हणाले. मीही.
येताना हलकं वाटलं. मग लोहाऱ्यापाशी मनात आलं, अकरातला पहिला कोण फुटेल? पहिलं नाव माझंच आलं.

१० नोव्हें.
आज घडलं ते लिहून ठेवतो.
ॲसिडचे ड्रम, साताऱ्याकडे. जड माल आम्ही कुंभार्ली घाटानं न्यायचो. लांब, पण रस्ता बरा. ऑफिसातला नवा साहेब म्हणाला, अंबेनळीनं जा, जवळ पडतं. नकाशावर बोट ठेवून दाखवलं. क्लीनर तापानं पडलेला, मी एकटाच.
प्रतापगडाच्या फाट्याच्या अलीकडे वास आला. नाकात सुया टोचल्यासारखा. थांबलो, मागे गेलो. एका ड्रमच्या खालच्या सांध्यातून पाझर, फळीतून धूर. एका बाजूला दरी. मागून एस.टी. आली तर तिला थांबवायलाही जागा नाही. गाडीचा मागचा फळका उघडायला गेलो, पिंढरीवर थेंब उडाले.
रस्त्याच्या कामावरच्या दोन बाया घमेली घेऊन धावल्या. धूर बसेपर्यंत फळीवर माती ओतत राहिल्या. एकीनं मला शर्टाला धरून मागं ओढलं आणि त्यांच्या प्यायच्या हंड्यातलं सगळं पाणी माझ्या पायावर ओतलं. नाव विचारायचं राहिलं. दिवसभर त्या काय प्यायल्या असतील.

११ नोव्हें.
साहेबानं लिहून घेतलं: दोर सैल बांधल्यामुळे ड्रम घासला. दोर सैल नव्हता. ड्रमचा सांधा गंजलेला, मी बोट लावून दाखवला. तो बघेना. म्हणाला, "या वेळी सोडतो. वीसनंतर हे तुझ्यावर येईल."
लिहून दिलं. का दिलं?

१४ नोव्हें.
क्लच दाबताना पाय थरथरतो. लोकांना वाटतं जखमेमुळे. मी तसंच वाटू देतो.
शोभाला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, तो कागद आधी आपल्या हातात येऊ दे.
दुपारी मोऱ्याकडे गेलो. त्याला काही बोलायच्या आतच त्यानं वर्तमानपत्राची घडी माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. आत कराराची प्रत. याला नोकरीची भीती नसेल का?

१६ नोव्हें., रविवार
तुडीलला गेलो. शोभाचे थोरले भाऊ तिथं शाळेत मास्तर, इंग्रजी चांगलं. दुसऱ्या पानावर थांबले, पुन्हा वाचलं. मोऱ्यानं हे सांगितलं नव्हतं. दर खेपेला गाडीवाल्यानं ड्रम स्वतः तपासले आणि ते धड होते, असं धरलं जाईल.
विचारलं, आम्हाला ड्रमपाशी जाऊच देत नाहीत, हमाल चढवतात, मग?
"तुम्ही तपासा नायतर नका तपासू. धरलं जाईल," गुरुजी म्हणाले.
म्हणजे ११ तारखेला माझ्याकडून जे लिहून घेतलं ते आता दर खेपेचं आधीच लिहिलेलं. आणि आर.सी. बुक त्यांच्या कपाटात, गाडी घेऊन दुसरीकडे जाताही येणार नाही.
परत येताना सावित्रीच्या काठानं बराच चाललो. घरी जावंसं वाटेना.

१८ नोव्हें.
सकाळी हसनमिया आले. चहा नको म्हणाले. ओट्यावर बसून राहिले.
"जना, मी काल सही केली."
मुलाचं कुवेतचं काम झालंय. तो जाऊन तिथं टिकेपर्यंत घरचं सगळं गाडीवर. चाचा, बरं केलंत, एवढं म्हणायला हवं होतं. पण राग आला होता. रागाच्या खाली भीतीच होती. त्यांच्यासारखा माणूस टिकला नाही तर मी कोण.
उठताना म्हणाले, "तू करू नको, असं सांगायला मला तोंड नाय राहिलं."

१९ नोव्हें.
सात जणांनी केली. उरलो चार. त्यातले दोघं उद्या सकाळी जाणार.
शोभा भाकऱ्या करता करता म्हणाली, "सही करा नायतर नका करू. पण खोटं लिहून देऊन आलात त्या दिवसापासून तुम्ही झोपला नाय. तेवढं बघा."

२० नोव्हें.
केली.
सहीच्या वर मराठीत लिहिलं: ड्रम मी स्वतः बघेन, मगच चढवू देईन. गंजलेला घेणार नाही. १० तारखेला दोर सैल नव्हता. जनार्दन जाधव.
मोऱ्यानं वाचलं. कागद आणि आर.सी. बुक घेऊन आत गेला. पाऊण तास बाकावर. बाहेर आला तेव्हा हात रिकामे. साहेब वाचतील, उद्या ये, म्हणाला.
बुक परत मागितलं. म्हणाला, "ते आत राहिलं, जना."

२१ नोव्हें.
मोरे आला नाही. रजा की काय, कुणी सांगेना. साहेबानं बोलावलं नाही. फळ्यावर माझ्या गाडीचा नंबर: उद्या सकाळी सात, ड्रम, अंबेनळी. म्हणजे माझं लिहिणं मान्य झालं, की कुणी वाचलंच नाही? की वाचून ठेवून दिलं, पुढं कधीतरी काढायला?
माझ्या खालचा नंबर हसनमियांचा. गेटवर भेटले. मी काय लिहिलंय ते त्यांना कळलं होतं. म्हणाले, तू ड्रम बघशील तोवर मी माझी गाडी वजनकाट्यावर घेणार नाय. मी मान हलवली. खरंच थांबतील का, ठाऊक नाही. पण बोलले.
जखम सुकतेय. शोभानं पट्टी बदलली. सहाला निघायचं.
हमालांना थांबवून म्हणायचं, आधी मला बघू द्या. एवढं तोंडातून निघालं पाहिजे. आणि बघू दिलं नाही तर किल्ली खिशात घालून तिथंच उभं राहायचं.